विद्यादान आणि स्वदेश

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत सध्यां एक वाद चालू आहे. कन्या पदार्थविज्ञान घेऊन पदवीधर झाली असून तिला शिक्षिका व्हावयाचें आहे. परंतु तें इंग्लंडांत. तेथील एखाद्या विद्यापीठांत वर्षभर अध्यापनाचें शिक्षण घ्यावें आणि पुढें तेथल्याच शाळेंत शिकवावें, असा तिचा निश्चय आहे. वडील आयुष्यभर एका गांवच्या हायस्कुलांत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. ते म्हणतात, "आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेला कुलूप आहे, कारण शिकवावयास माणूस नाहीं, आणि आमचीच मुलगी परक्यांचीं मुलें शिकवावयास निघाली!" दोघांनींही आमचें मत विचारलें. प्रश्न त्या एकाच घराचा नसल्यामुळें त्याचा विचार येथें करीत आहों.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. इंग्लंडांत या विषयाच्या शिक्षकांचें दुर्भिक्ष आहे. २०२२-२३ सालीं जितके उमेदवार प्रशिक्षणास यावेत असें तेथील सरकारनें ठरविलें होतें, त्यांच्या पंचमांशाहूनही कमी आले. ज्याला पदार्थविज्ञान उत्तम येतें त्याला इतर धंदे अधिक वेतन देतात, हें त्याचें एक उघड कारण. २०२३ सालीं तर बाहेरून येणाऱ्या पदार्थविज्ञानाच्या व भाषांच्या शिक्षकांस १०,००० पौंड स्थलांतर-साहाय्य देण्याची योजना निघाली. तेव्हां ही मुलगी कोणाची जागा बळकावावयास जात नाहीं. रिकामा वर्गच तिला बोलावीत आहे.

वडिलांच्या पक्षाला जगदीशचंद्र बोस यांचें उदाहरण आहे. केंब्रिजला शिकून ते १८८५ सालीं कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांत अध्यापक झाले. हिंदी अध्यापकास गोऱ्याहून कमी वेतन, हा अन्याय त्यांनीं मान्य केला नाहीं. तीन वर्षें वेतनाला हात न लावितां ते शिकवीत राहिले. उदाहरण उज्ज्वल आहे. परंतु स्वतः पत्करलेला त्याग वंदनीय असतो. दुसऱ्यावर लादला कीं तीच सक्ती होते.

आणि दुसरी बाजूही आहे. अब्दुस सलाम १९५१ सालीं केंब्रिजहून लाहोरास शिकवावयास परतले. परंतु तेथें संशोधनाला सोबत नाहीं, उत्तेजन नाहीं. १९५४ सालीं ते पुन्हां केंब्रिजला गेले. पुढें १९६४ सालीं इटलींतील त्रिएस्त येथें त्यांनीं पदार्थविज्ञानाचें जें केंद्र उभारलें, त्याचा एक हेतु असा होता कीं, गरीब देशांतील शास्त्रज्ञांवर देश आणि विद्या यांतून एकच निवडण्याची पाळी येऊं नये. १९७९ सालीं नोबेल पारितोषिक मिळाल्यावर ते १९८१ सालीं कलकत्त्यास आले, तें लाहोरांत आपणांस गणित शिकविणाऱ्या अनिलेन्द्र गांगुली या वृद्ध गुरूंपुढें तें पदक ठेवावयास. देश सोडल्यानें त्यांचें ऋण बुडालें, असें कोण म्हणेल?

आमच्या परंपरेंत ऋषिऋण सांगितलें आहे. पितृऋणाप्रमाणेंच तेंही पुढल्या पिढीला देऊनच फिटतें. ज्यानें आपणांस शिकविलें त्याला आपण शिकवीत नाहीं. जो पुढें येऊन बसतो त्याला शिकवितों. तो नाशिकचा असो वा लीड्सचा, प्रकाशाचे नियम दोघांनाही सारखेच. म्हणून परक्या मुलाला शिकविणें हा देशद्रोह, हें आम्हांस पटत नाहीं.

परंतु एवढ्यानें मुलीची सुटका होत नाहीं. आपण शिकवावयास जात आहों, कीं जावयाचें म्हणून शिकवीत आहों, हें तिनें स्वतःस विचारलें पाहिजे. दुसरें खरें असेल, तर अन्याय गांवच्या शाळेवर नव्हे, लीड्सच्या त्या मुलावर होईल. त्याला शिक्षक हवा आहे, प्रवासी नको.

राष्ट्रांनाही जबाबदारी आहे. दुसऱ्याच्या खर्चानें घडलेला शिक्षक आयता घेणारा देश मूळ देशाचें कांहीं देणें लागतो; २००४ सालीं राष्ट्रकुलांतील देशांनीं शिक्षकभरतीविषयीं जी संहिता स्वीकारली, तिच्या मुळाशीं शिक्षकाचा जाण्याचा हक्क आणि मूळ देशाच्या शाळांचें हित यांचा मेळ घालण्याचाच विचार होता. आणि आम्ही? महाराष्ट्रांत नव्या शिक्षकाचीं पहिलीं तीन वर्षें 'शिक्षणसेवक' म्हणून मानधनावर जातात. ज्या समाजानें जागा भरली नाहीं, त्यानें जाणाऱ्याला कृतघ्न म्हणावें, हा न्याय नव्हे. वडिलांचा राग खरा आहे. तो चुकीच्या माणसावर निघत आहे.

मुलीला आम्हीं एवढेंच सांगितलें: निघावयास अद्याप कांहीं महिने आहेत, तोंवर वडिलांच्या शाळेचें तें कुलूप उघड आणि नववीच्या वर्गाला शिकव. तेथें मन रमलें तर जा, खुशाल जा. जेथें जाशील तेथें शिक्षिकाच राहशील. तेथें कंटाळा आला, तर समुद्र ओलांडल्यानें तो जाणार नाहीं.

वडिलांनीं किल्ली काढून दिली आहे. ती परत येते कीं नाहीं, याची ते वाट पाहत आहेत. मुलीची, असा अर्थ त्यांच्या मनांत असल्यास आमचा त्यास आक्षेप नाहीं.