केसपेपर कुणासाठी लिहायचा?

केसपेपर म्हणजे डॉक्टरने स्वतःच्या आणि पुढच्या डॉक्टरच्या सोयीसाठी लिहिलेला कागद, ही समजूत फार काळ कुणाला खटकली नाही. १९६८ साली अमेरिकेतल्या डॉ. लॉरेन्स वीड यांनी या लिखाणाला शिस्त लावली: रुग्ण काय सांगतो, तपासणीत काय आढळते, त्यावरून निदान काय आणि पुढे काय करायचे. ही मोठीच सुधारणा होती. पण त्या नोंदींची भाषा जुनीच राहिली. तिच्यात रुग्ण ‘तक्रार करतो’, दारू पीत असल्याचे ‘नाकारतो’. डॉक्टरला मात्र ‘आढळते’. एकाचे म्हणणे आणि दुसऱ्याचे सत्य, अशी वाटणी क्रियापदांनीच करून टाकलेली असते. रुग्ण हे कधी वाचणारच नाही, असे गृहीत धरल्यामुळे ती चालून गेली.

हे गृहीत हळूहळू ढासळले. रुग्णाला त्याच्या नोंदींची प्रत द्यावी, असा प्रस्ताव अमेरिकेत १९७३ मध्येच छापून आला होता. आपल्याकडे १९९६ साली मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की, गोपनीयतेचे कारण सांगून रुग्णाला कागदपत्रे नाकारता येणार नाहीत. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांत तर मागणीनंतर ७२ तासांची मुदतच घातली गेली. डॉक्टरांची भीती होती की रुग्ण घाबरतील, शंका विचारून वेळ खातील. २०१० साली बोस्टन, पेनसिल्व्हेनिया आणि सिएटलमधल्या १०५ डॉक्टरांनी वर्षभर आपल्या नोंदी रुग्णांना खुल्या केल्या. वर्ष संपल्यावर त्यांतल्या एकानेही त्या पुन्हा बंद केल्या नाहीत. काहींनी मात्र लठ्ठपणा, व्यसन अशा विषयांवर लिहिताना शब्द बदलल्याचे सांगितले.

यावर खरा आक्षेप असा की, शब्द मवाळ केले तर सत्यही मवाळ होईल. मला हे पटत नाही, आणि त्याचे कारण २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. वैद्यकीय विद्यार्थी आणि निवासी डॉक्टरांना सिकलसेलच्या वेदनांनी आलेल्या एकाच काल्पनिक तरुणाची नोंद दोन तऱ्हांनी वाचायला दिली. एकीत तो आदल्या दिवशी मित्रांबरोबर होता, व्हीलचेअर जास्त ढकलावी लागली आणि उन्हाने अंगातले पाणी कमी झाले. दुसरीत तो मॅकडोनाल्डबाहेर मित्रांबरोबर टवाळक्या करत होता. वर वेदनाशामकांवर ‘अवलंबून’ असल्याचा शेरा. आजार तोच, वेदना तीच. पण दुसरी नोंद वाचणाऱ्यांचे त्याच्याबद्दलचे मत वाईट झाले आणि त्यांनी वेदनेवरचे औषधही हात राखून सुचवले. म्हणजे शेऱ्याने सत्य धारदार झाले नाही, उपचार बोथट झाला. विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या कितीतरी घरांत हाच आजार आहे, म्हणून हे आपल्याला परके नाही. संशय लिहूच नये, असे मी म्हणत नाही. मुलाच्या पाठीवरचे वळ आणि आईने सांगितलेले कारण जुळत नसेल, तर ते लिहिलेच पाहिजे: वळ कुठे, किती, आई नेमके काय म्हणाली. ‘आई निष्काळजी’ एवढ्यावर भागवले, तर हाती काहीच राहत नाही. ‘औषधे नियमित घेत नाही’ याच्या जागी ‘पैसे संपले की आठवडाभर इन्सुलिन बंद’ असे लिहिले, तर पुढच्या डॉक्टरला दुखणे कुठे आहे ते कळते.

आपल्याकडचा पेच आणखी निराळा आहे. इथे फाइल बहुधा रुग्णाच्याच पिशवीत असते. ती वर्षानुवर्षे तोच सांभाळतो, पण आतला मजकूर इंग्रजीत आणि आद्याक्षरांत. अत्यवस्थ रुग्णाच्या कागदावर एक ओळ हमखास सापडते: ‘नातेवाईकांना गांभीर्याची कल्पना दिली.’ खाली सही किंवा अंगठा. उद्या कोर्टात उत्तर द्यावे लागेल ही डॉक्टरची धास्ती खोटी नाही. पण कुणाला सांगितले, कोणत्या भाषेत, त्यांनी काय विचारले, यातले काहीच त्या ओळीत नसते. मुलाने ‘आईला घरी नेऊ का?’ असे विचारले असेल, तर तो प्रश्न आणि त्याला दिलेले उत्तर त्या अंगठ्याच्या वर लिहायला दोन ओळी पुरतात.