काळ्या पानाची चव

पुतण्या बोईसरला एमआयडीसीत नोकरी करतो. दिवाळीला घरी आला तेव्हा त्याने खिशातून एक चिरूट काढला. कारखान्यात आलेल्या कुणा परदेशी पाहुण्याने दिला होता. अंगठ्याएवढा जाड, वरचं पान काळंभोर, हात लावला तर तेलकट. "काका, नुसता वास तरी घ्या," म्हणाला.

वास घेतला आणि मला चिकूची अढी आठवली. कच्चा चिकू तोंडात धरवत नाही, पण चार दिवस उबेत ठेवला की त्याचाच गोडवा होतो. तंबाखूचंही तसंच. वाळलेल्या पानांचे ढीग रचतात, ढीग आतून तापतो, मग उलटापालट करून पुन्हा रचतात. ऊब जास्त, दिवस जास्त, तितकं पान काळं होतं आणि त्याचा उग्रपणा उतरतो. चिरुटाची बरीच चव त्या वरच्या एका पानात असते.

विडी मी वीस वर्षांपूर्वी सोडली. तरी त्या संध्याकाळी ओटीवर बसून तो पेटवला. धूर नुसता तोंडात फिरवला. आधी करपलेली काकवी, मग जरा मिरी, शेवटी पहिल्या पावसात भिजलेल्या पाचोळ्याचा वास. खोटं कशाला बोलू, फार चांगला लागला.

आणि बाबा आठवले.

त्यांची विडी टेंभुर्णीच्या पानाची. ती ओढत राहावी लागते, नाहीतर विझते. लावणीच्या दिवसांत बाबा आणि आमचा वारली गडी बांधावर उकिडवे बसायचे. घरी त्याचा पेला वेगळा असायचा, पण बांधावर एका काडीवर दोघांच्या विड्या पेटायच्या. माणसाने माणसाजवळ बसायचं ते मी तिथे पाहिलं.

त्याच विडीने बाबांची छाती खाल्ली. डॉक्टरांनी हात टेकले, घरी न्या म्हणाले. शेवटी शेवटी बाबा रोज विडी मागायचे. मी म्हणायचो, "बाबा, डॉक्टर नाही म्हणालेत." एकदा म्हणाले, "अरे, आता जपायला राहिलंय काय?" तरी मी दिली नाही. चौथ्या दिवशी ते गेले.

लोक म्हणाले, पोराने शेवटपर्यंत काळजी घेतली. मला मात्र ते वाक्य आजही टोचतं. मी जपत कुणाला होतो? बाबांना, की माझ्या हातून काही वाईट झालं नाही या समाधानाला? तीस वर्षं आधी विडी हिसकावली असती तर ती काळजी होती. तेव्हा तर मीच दुकानातून कट्टा आणून द्यायचो.

पण म्हणून विडी चांगली ठरत नाही. चिरूटही नाही. धूर छातीत घेतला नाही तरी तोंडाचा कर्करोग होऊ शकतो. चव खरी आहे आणि बाबांचा खोकलाही खरा होता. एकाने दुसरं पुसलं जात नाही. मला वाटतं, वाईट वस्तूला चवच नसते असं पोरांना सांगणं ही लबाडी आहे. ती एकदा चाखली की ती आपलं बाकीचं खरंही ऐकत नाहीत.

अर्धा चिरूट मी उंबऱ्याबाहेर दगडावर ठेवला. विडीसारखाच तोही आपोआप विझला.

"कसा वाटला, काका?"

"छान आहे," मी म्हटलं. "पुन्हा आणू नकोस. आणि तूही ओढू नकोस."