किती चुकलं तर चालेल?

लोखंडाच्या पट्टीत एक भोक पाडायचं आहे. डाव्या कडेपासून ५० मिलिमीटरवर, खालच्या कडेपासून ३० मिलिमीटरवर. हे काम जगातला कुठलाही कारागीर आणि कुठलंही सीएनसी मशीन तंतोतंत करू शकत नाही. ड्रिल थरथरतं, हत्यार झिजतं, धातू तापला की फुगतो. म्हणून ड्रॉइंगवर मापाशेजारी आणखी एक आकडा लिहितात: ±०.१. याला टॉलरन्स म्हणतात. किती चुकलं तर चालेल, हे काम सुरू होण्याआधीच लिहून दिलेलं असतं.

माणसांच्या बाबतीत आपण उलट करतो. आधी ‘एकदम परफेक्ट हवं’ म्हणतो आणि चूक झाल्यावर ती चालेल की नाही ते ठरवतो. मग समोर कोण आहे हे पाहून निकाल लागतो. नावडतीचं मीठ अळणी, हे आपल्याला जुनंच ठाऊक आहे. शून्य चुकीची मागणी कडक वाटते, पण ती कुणालाच पाळता येत नसल्यामुळे सगळी सत्ता तपासणाऱ्याच्या हातात जाते.

पण आकडा लिहून दिला म्हणजे न्याय झाला असंही नाही. आपल्या भोकाकडे परत येऊ. आडव्या मापाला ±०.१ आणि उभ्या मापाला ±०.१ असं लिहिलं, की भोकाच्या मध्यबिंदूसाठी एक चौकोन तयार होतो. भोक ०.१ उजवीकडे आणि ०.१ वर सरकलं, तर ते मूळ जागेपासून तिरप्या रेषेत ०.१४ दूर गेलं, तरी पास. दुसरं भोक सरळ उजवीकडे फक्त ०.१२ सरकलं, ते मात्र नापास. कमी चुकलेला भंगारात जातो आणि जास्त चुकलेला बोल्टवर चढतो.

ही विसंगती १९३८ च्या सुमारास स्टॅन्ली पार्कर यांनी नेमकी पकडली. ते स्कॉटलंडमधल्या अलेक्झांड्रिया इथल्या टॉर्पेडो कारखान्यात होते. मापात नापास झालेले भाग जोडणीत व्यवस्थित बसू शकतात, हा त्यांचा मुद्दा. बोल्ट गोल आहे, तर मुभाही गोल हवी. चौकोनाऐवजी त्याच्या चारही कोपऱ्यांतून जाणारं वर्तुळ घेतलं, तर क्षेत्रफळ ५७ टक्क्यांनी वाढतं. आणि कोपऱ्याइतकं अंतर आधीही चालतच होतं, त्यामुळे दर्जा तसूभरही खाली येत नाही. आज इंजिनिअरिंगच्या मुलांना ‘जीडी अँड टी’ म्हणून शिकवतात, त्याच्या मुळाशी हा विचार आहे.

आता कॅम्पस प्लेसमेंटची ती ओळखीची अट आठवा: दहावी, बारावी, डिग्री, तिन्हीकडे किमान ६० टक्के, गॅप नको. हा तोच चौकोन आहे. ६१, ६१, ६१ वाला मुलाखतीला बसतो. ९२, ५८, ९० वाली बाहेर राहते. बारावीच्या वर्षी तिच्या घरात काय चाललं होतं, हे विचारायला त्या रकान्यात जागाच नसते. नियम सगळ्यांना सारखा आहे, हे खरंच. पण कामाला काय लागतं याच्याशी त्या चौकोनाचा संबंध काय, हे कुणी तपासलेलं नसतं.

दुसरा प्रश्न, मोजायचं कुठून? गवंडी भिंतीला ओळंबा लावतो, तसा ड्रॉइंगवर ‘डेटम’ असतो: ज्या पृष्ठभागापासून बाकी सगळं मोजायचं तो. तोच चुकला तर काटेकोरपणाही वाया जातो. १९९० साली अवकाशात गेलेल्या हबल दुर्बिणीचा मुख्य आरसा अत्यंत गुळगुळीत घासलेला होता. मात्र त्याचा आकार तपासणाऱ्या उपकरणातलं एक भिंग सुमारे १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी होतं. आरसा त्या उपकरणाबरहुकूम घडला, म्हणून चुकीचा घडला. दुसऱ्या चाचण्यांत खोट दिसली होती. पण त्या कमी अचूक समजून बाजूला ठेवल्या गेल्या. १९९३ मध्ये अंतराळवीरांना वर जाऊन दुरुस्ती करावी लागली.

यावर कुणी म्हणेल, ही तर ‘चालतंय की’ची वकिली झाली. तसं नाही. बेअरिंगला काही मायक्रॉनचीच मुभा असते, आणि ती तशीच हवी. जिथे जीव अवलंबून आहे तिथे रेषा बारीकच ओढावी.

खरा आक्षेप वेगळा आहे. माणूस म्हणजे सुटा भाग नव्हे. भोक कशासाठी आहे हे डिझायनर ठरवतो. माणूस कशासाठी आहे हे दुसऱ्या कुणी ठरवायचं नसतं. हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणून ड्रॉइंगवरून माणसाची किंमत काढू नये. पण मोजणाऱ्याची कर्तव्यं तिथून जरूर घ्यावीत: मुभा आधी सांगा, कुठून मोजता ते सांगा, आणि तुमची रेषा कामाच्या गरजेला धरून आहे का ते तपासा.

ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट असते. कुणी काढलं, कुणी तपासलं, कुणी मंजूर केलं, यांची नावं तिथे लिहितात. भाग विनाकारण भंगारात जायला लागले, तर कुणाकडे जायचं ते कळतं. ‘तिन्हीकडे ६०’च्या खाली कुणाची सही असते?