हरलेल्या मताची नोंद

ज्यू धर्मनियमांचा संग्रह असलेल्या मिश्नाच्या ‘एदुयोत’ या प्रकरणात एक साधा पण अडचणीचा प्रश्न विचारलेला आहे. धर्मनिर्णय जर बहुमतानेच व्हायचा, तर ज्याचं मत फेटाळलं गेलं त्याचं नाव आणि म्हणणं जपून ठेवायचं कशाला? उत्तरं दोन दिली आहेत आणि त्यांची तोंडं दोन दिशांना आहेत. पहिलं उत्तर असं, की पुढे एखाद्या न्यायमंडळाला तेच मत पटलं तर त्याला टेकायला काही आधार हवा. दुसरं रब्बी यहुदा यांचं. कुणी येऊन परंपरेचा हवाला देऊ लागला, तर त्याला सांगता यावं की बाबा रे, तू ऐकलंस ते अमक्या एकट्याचं मत, ते तेव्हाच निकालात निघालं. म्हणजे नोंद एकच. एकाला ती दार किलकिलं ठेवायला हवी, दुसऱ्याला कडी घालायला. मिश्नाने दोन्ही कारणं लिहून घेतली आणि पुढचा विषय काढला.

ज्यू धर्माची ओळख करून देताना सहसा अब्राहमपासून सुरुवात होते. एकच देव, त्याच्याशी झालेला करार, मिसरातल्या गुलामीतून सुटका, सिनाय पर्वतावर मोशेला मिळालेलं नियमशास्त्र. त्यात चूक काही नाही. मोशेचे पाच ग्रंथ म्हणजे तोरा, मग संदेष्टे, मग स्तोत्रं, ईयोब वगैरे लेखन. असे चोवीस ग्रंथ मिळून तनाख होतो. पण नुसता तनाख वाचून ज्यू माणूस प्रत्यक्षात कसा जगतो ते कळत नाही. सातव्या दिवशी काम करू नको, असं तोरा सांगते. काम कशाला म्हणायचं, हे ती फारसं उलगडून सांगत नाही. ते मिश्नाने केलं. नांगरणी, पेरणी, मळणी, विणणं, दोन अक्षरं लिहिणं, दिवा पेटवणं, दिवा विझवणं, अशी 39 कामं तिने मोजून दिली. मग प्रत्येक कामाच्या पोटात आणखी कामं निघाली. ऑलिव्ह पिळून तेल काढणं कुठे बसवायचं? मळणीत, कारण दोन्हींत आतलं हवं ते बाहेर काढायचं असतं. असला कीस काढण्याला कुणी हसेल. मला त्यात घर वसवण्याची धडपड दिसते, कारण खरं घर तोवर गेलेलं होतं.

इ. स. 70 मध्ये टायटसच्या रोमन सैन्याने जेरुसलेमचं मंदिर जाळलं. रोममध्ये त्याच्या नावाची कमान आजही उभी आहे, आणि मंदिरातला सात फाट्यांचा दीपवृक्ष खांद्यांवर घेऊन निघालेले विजेते तिच्यावर कोरलेले आहेत. बळी, याजक, यात्रा, सगळं त्या एका वास्तूला बांधलेलं होतं. पुढे तयार झालेल्या तालमूद या ग्रंथातली कथा अशी: वेढा पडलेला असताना रब्बी योहानान बेन जक्काई मेल्याचं सोंग घेऊन शवपेटीतून शहराबाहेर पडले आणि रोमन सेनापती व्हेस्पेशियनसमोर उभे राहिले. मागणं मागायची वेळ आली तेव्हा त्यांनी याव्हने गाव आणि तिथले विद्वान मागून घेतले. मंदिर मागितलं नाही. धर्म वास्तूतून निघून विद्येत शिरला तो क्षण हाच, म्हणून ही कथा फार सांगितली जाते. इतिहासकार तिच्यावर अक्षरशः विश्वास ठेवत नाहीत, ते सोडून देऊ. सांगणारे एक गोष्ट मात्र गाळतात. त्याच पानावर एका रब्बीने आक्षेप नोंदवून ठेवला आहे: सेनापती पुढ्यात होता, तर जेरुसलेमच का मागितलं नाही? देवानेच शहाण्याची बुद्धी फिरवली, दुसरं काय! ज्या माणसाने धर्म वाचवला म्हणायचं, त्याच्या पराक्रमाला लागूनच त्याची ही झाडाझडती.

मिश्ना इ. स. 200 च्या सुमारास यहुदा हानासी यांनी सिद्ध केली. तिच्यावर बाबिलोनच्या विद्यापीठांतून पिढ्यान् पिढ्या चाललेली चर्चा म्हणजे गमारा. दोन्ही मिळून तालमूद. त्याचं छापील पान बघण्यासारखं असतं. मधोमध मूळ मजकुराचा उभा पट्टा; शिवणीच्या बाजूला राशी यांचं भाष्य, म्हणजे फ्रान्समधल्या त्र्वा गावचे रब्बी श्लोमो (1040–1105); आणि बाहेरच्या बाजूला तोसाफोत, म्हणजे राशींच्याच नातवांनी आणि त्यांच्या शिष्यांनी राशींशी घातलेले वाद. आजोबा एका समासात, नातू दुसऱ्यात, आणि नातू म्हणतो, आजोबांचा हा अर्थ पटत नाही. आपल्याकडच्या त्रिपाठी पोथीत मूळ श्लोक मधे आणि टीका वर-खाली असते, तीच ही तऱ्हा. पण एक फरक आहे. आपल्या शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष मांडतात तो बहुधा सिद्धान्ताला उचलून धरण्यासाठी. चार्वाकाचं म्हणणं आपल्यापर्यंत पोचलं ते बरंचसं ‘सर्वदर्शनसंग्रहा’सारख्या, त्याला खोडून काढणाऱ्या ग्रंथांतूनच. तालमूदमध्ये हरणारा स्वतःच्या नावानिशी, स्वतःच्या तोंडाने बोलतो, आणि कित्येक वाद निकालाविना तसेच सोडून दिलेले असतात.

हे पान आजच्या रूपात पहिल्यांदा संपूर्ण छापलं ते व्हेनिसच्या डॅनियल बोमबर्गने, 1520 ते 1523 या काळात, आणि तो ख्रिस्ती होता. त्याआधी 1242 मध्ये पॅरिसला तालमूदच्या हस्तलिखितांच्या चोवीस गाड्या जाळल्या गेल्या होत्या. नंतर 1553 मध्ये रोमलाही होळी झाली. तरी बाबिलोनी तालमूदची 2711 पानं आज रोज एक याप्रमाणे जगभर एकाच वेळी वाचली जातात. 1923 मध्ये रब्बी मेइर शापिरो यांनी सुचवलेला हा क्रम पुरा व्हायला सुमारे साडेसात वर्षं लागतात.

हिलेल आणि शम्माई या दोन गुरूंच्या घराण्यांचा वाद तीन वर्षं चालला, असं तालमूद सांगतो. शेवटी आकाशवाणी झाली: दोघांचंही बोलणं देवाचंच, निर्णय मात्र हिलेलच्या बाजूने. का? तर ते सौम्य होते आणि स्वतःचं सांगण्याआधी समोरच्याचं म्हणणं सांगत. हा किस्सा सगळ्यांना आवडतो. मला मिश्नातली दुसरी एक नोंद जास्त मोलाची वाटते. कुठलं लग्न शास्त्राला धरून आणि कुठलं नाही यावर या घराण्यांत टोकाचा मतभेद होता, इतका की एकाच्या हिशेबाने दुसऱ्याकडची काही मुलं कलंकित ठरावीत. तरीही दोघांनी एकमेकांच्या मुली करणं थांबवलं नाही.

सगळीकडे असा मोठेपणा दिसतो असं मात्र नाही. अखनाईच्या भट्टीची गोष्ट प्रसिद्ध आहे. एक भट्टी शुद्ध की अशुद्ध यावर रब्बी एलिएझर एकीकडे, बाकी सगळे दुसरीकडे. एलिएझरांच्या सांगण्यावरून झाड जागचं हललं, पाणी उलटं वाहिलं, पाठशाळेच्या भिंती झुकल्या, शेवटी आकाशातून आवाज आला की एलिएझरच बरोबर. तेव्हा रब्बी यहोशुआ उभे राहिले आणि म्हणाले, नियमशास्त्र आता आकाशात नाही. म्हणजे निकाल आपण, बहुमताने करायचा. देव हसला म्हणे, पोरांनी मला हरवलं. व्याख्यानांत गोष्ट इथे संपते आणि टाळ्या पडतात. तालमूदमध्ये ती पुढे जाते. एलिएझरांनी शुद्ध ठरवलेल्या वस्तू आणून जाळल्या गेल्या, त्यांना बहिष्कृत केलं गेलं. ही बातमी सांगायला रब्बी अकिवा काळे कपडे घालून गेले आणि चार हात अंतर ठेवून बसले. एलिएझर रडले, आणि त्या वर्षी ऑलिव्ह, गहू, जव यांची पिकं मारली गेली. त्यांची बायको इम्मा शालोम ही बहिष्कार घालणाऱ्या गमलिएलांची सख्खी बहीण. नवऱ्याने जमिनीवर पालथं पडून गाऱ्हाणं घातलं तर भाऊ जगणार नाही, हे ती जाणून होती, म्हणून त्याला तसं करू देत नसे. एक दिवस दाराशी भिकारी आला. ती भाकरी द्यायला गेली, परतली तर नवरा पालथा पडलेला. ऊठ, माझ्या भावाला मारलंस तू, असं ती म्हणाली. तेवढ्यात गमलिएल गेल्याचा पुकारा झाला. बहुमत बरोबर होतं, आणि बहुमताने एका माणसाला चिरडलं. लिहिणाऱ्यांनी दोन्ही गोष्टी ठेवल्या, आणि तेही बहुमतवाल्यांच्याच परंपरेने.

हा पसारा ज्यू तत्त्वज्ञ मैमोनिदेसना (1138–1204) सहन होईना. त्यांनी 1180 च्या सुमारास ‘मिश्ने तोरा’ पुरा केला: चौदा भाग, नितळ हिब्रू, फक्त निर्णय, वाद गाळले, नावंही बहुतेक गाळली. प्रोव्हान्सचे रब्बी अब्राहम बेन दावीद खवळले: कुणाचं मत आहे हे न सांगता मी ते का मानू? त्यांचे बोचरे आक्षेप आज ‘मिश्ने तोरा’च्याच पानावर, मजकुराला खेटून छापतात. वादमुक्त ग्रंथ लिहू पाहणाऱ्याचं पान शेवटी तालमूदसारखंच दिसू लागलं.

याच मैमोनिदेसनी फ्रान्समधल्या लुनेलच्या विद्वानांना लिहिलेल्या पत्रात हिंदुस्थानातल्या ज्यूंचा उल्लेख आहे. त्यांना लेखी तोरा ठाऊक नाही. शब्बाथ पाळतात आणि आठव्या दिवशी सुंता करतात, एवढंच. हे कोकणातले बेने इस्रायलच का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. वर्णन मात्र चपखल बसतं. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, अशी त्यांची परंपरा. ग्रंथ समुद्रात गेले. तेलाचे घाणे चालवत राहिले, शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं शनवार तेली. तेल पिळणं मळणीत मोडतं हा बारकावा त्यांच्यापर्यंत कधी पोचला नव्हता. घाणा तरी थांबत होता. ‘ऐक इस्रायला’ ही श्रद्धावाणी तोंडपाठ होती. माशाला खवले आणि पर आहेत का, हे बायका पाहत. आणि मंदिर पडल्याच्या स्मृतीचा आव महिन्यातला उपास त्यांच्याकडे वालाच्या बिरड्याच्या नावाने ओळखला जाई: बिरड्याचा सण. ‘ग्रंथाचे लोक’ हे ज्यूंचं वर्णन ऐकलं की मला हा समाज आठवतो, ज्याने ग्रंथ नसताना शतकं काढली.

त्याची किंमत त्यांना चुकवावी लागली, तीही इस्रायलमध्ये. तिथे गेल्यावर लग्न लावायची वेळ आली तेव्हा काही रब्बींनी शंका काढली. तालमूदच माहीत नव्हता, तर यांच्या पूर्वजांचे घटस्फोट शास्त्रोक्त झाले असतील कशावरून? रीतसर फारकतपत्र नसताना बाईने दुसरं लग्न केलं असेल तर त्या संततीवर डाग, आणि तो पिढ्यान् पिढ्या उतरतो. बाजू घेणारे म्हणत, या समाजात घटस्फोट जवळजवळ नव्हताच. 1961 मध्ये मुख्य रब्बीमंडळाने लग्नांना मान्यता दिली, पण 1962 मध्ये सूचना निघाली की आई, आजी, पणजी अशी वंशाची चौकशी करावी. पेण-रोह्याच्या माणसांनी जेरुसलेमात धरणं धरलं. ऑगस्ट 1964 मध्ये प्रकरण संसदेत गेलं, आणि त्यानंतर सूचनेतून ‘बेने इस्रायल’ हे नाव काढण्यात आलं. ज्याच्याविषयी शंका असेल त्या कुणाचीही चौकशी करावी, असा मोघम मजकूर त्या जागी आला. लग्नाच्या प्रश्नावर भांडूनही सोयरीक न तोडणारी दोन घराणी मिश्नात होतीच. शंका घेणाऱ्यांनाही ती पाठ असणार.

ज्यांनी या लग्नांना नकार दिला त्यांची मतंही रब्बींच्या निर्णयसंग्रहांत नावानिशी छापलेली आहेत. त्याला एदुयोतचं पहिलं कारण लागू करायचं की दुसरं, हे कुठल्याही न्यायमंडळाने ठरवलेलं नाही.