बालहट्ट आणि गृहस्थाचा दंड

दोन वर्षांचे मूल पाण्याने भरलेला पेला उचलते, आईकडे पाहते आणि तिने 'नको' म्हटल्यानंतरच तो उपडा करते. हे अजाणतेपणाने घडलेले नसते. 'नको' या शब्दाचा अर्थ त्यास कळलेला असतो. तो शब्द कितपत खरा आहे, एवढेच त्यास पाहावयाचे असते. अशा वेळी गृहस्थापुढे उभा राहणारा प्रश्न केवळ सोयीचा नसून धर्माचा आहे. हा हट्ट उद्दामपणा समजून मोडावा, की स्वभाव समजून सोडून द्यावा?

पाच वर्षांपर्यंत लालन करावे आणि पुढील दहा वर्षे ताडन, असे एक नीतिवचन सर्वश्रुत आहे. त्यातील ताडन घरोघरी ध्यानात राहते. पाच वर्षांची अट मात्र सोयीने विसरली जाते. उलटपक्षी, लालन म्हणजे मागेल ते देणे, असा अर्थ करणारेही पुष्कळ आहेत. गीतेचा आरंभ ज्याच्या प्रश्नाने होतो, तो धृतराष्ट्र असाच पिता होता. पुत्राला 'नाही' म्हणण्याचे त्यास कधी साधले नाही, आणि विदुराचा उपदेश ऐकूनही तो तसाच राहिला.

तंजावर प्रांतातील ओरत्तनाडु येथे दुसऱ्या सरफोजी महाराजांनी १८०२ साली मुक्तांबेच्या नावाने अन्नछत्र स्थापिले. तत्पूर्वी १८०१ मध्ये, आपल्या राज्यातील छत्रांचा कारभार कसा चालतो, याचे वर्णन त्यांनी इंग्रज रेसिडेंटास लिहिलेल्या पत्रात केले होते. तान्ह्या मुलांसाठी दुधाची सोय असे. पांथस्थांची निराधार झालेली मुले पंतोजींच्या स्वाधीन केली जात. त्यांना दिवसातून तीनदा भोजन, दर चौथ्या दिवशी तैलाभ्यंग, वस्त्रे आणि आजारात औषध मिळे. पुढे विद्या शिकवावयाची ती मात्र ज्याची त्याची आवड पाहून! भोजनाची वेळ आणि अभ्यंगाचा दिवस मुलाच्या लहरीवर सोपविलेला नव्हता. विद्येची निवड मात्र त्याच्यावर होती. ज्या राजाने हे लिहिले, त्याच्या स्वतःच्या बालपणाचा काही काळ दत्तक पित्याच्या मृत्यूनंतर बंदिवासात गेला होता, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. मर्यादा आणि कोंडमारा यांतील भेद त्यास कोणी समजावून सांगावा लागला नसेल.

हाच विवेक घरातही करावा लागतो. ओरत्तनाडूच्या परिसरातून कल्लणैचा कालवा वाहतो. त्याच्या काठाकडे मूल धावले तर तेथे वादास जागा नाही. त्यास उचलून आणावे, ते रडले तरी आणावे आणि दहा वेळा धावले तर दहाही वेळा आणावे. परंतु तांबडे अंगरखे घालावयाचे की पिवळे, आधी भात खावयाचा की आधी दही, अशा ठिकाणी त्याचे 'नको' मान्य करण्यात पित्याचे काय जाते? जेथे तेथे 'नको' म्हणणाऱ्या घरात कालव्याकाठचे 'नको'ही इतरांसारखेच एक होऊन बसते. ज्या दिवशी आई थकलेली असते, त्या दिवशी पेला उपडा करणे चालते आणि पाहुणे आले की त्याबद्दल चापट बसते, असे झाले म्हणजे मूल मर्यादा शिकत नाही, आईचे तोंड वाचावयास शिकते.

आता दंडाचा विचार. दमन करणाऱ्यांच्या ठायी असलेला दंड ही आपली विभूती होय, असे भगवंतांनी दहाव्या अध्यायात म्हटले आहे, आणि कित्येक पिते त्याचा आधार घेतात. परंतु दुसऱ्या अध्यायात क्रोधाचे मूळही सांगितले आहे. आसक्तीतून इच्छा, इच्छेतून क्रोध आणि क्रोधातून बुद्धीचा नाश, हा तो क्रम. पेला हिरावला म्हणून मूल किंचाळते आणि आपले ऐकले नाही म्हणून पिता हात उगारतो, तेव्हा हा एकच क्रम दोघांच्याही ठिकाणी चाललेला असतो. भेद इतकाच की मुलाजवळ अजून भाषा नाही आणि आवरही नाही. आत्मसंयमनाशी संबंधित मेंदूचा भाग विशीनंतरही पक्व होत राहतो, असे आजचे शरीरशास्त्र सांगते. पित्याला ही सबब नाही. क्रोधाने उगारलेल्या हाताला दंड म्हणता येणार नाही.

भागवताच्या दशमस्कंधातील यशोदेचे वर्तन या दृष्टीने पुनः वाचावे. दह्याचे भांडे फोडून लोणी माकडांना वाटणाऱ्या कृष्णामागे ती छडी घेऊन धावली. तो सापडला, आणि भ्याला आहे असे दिसताच तिने छडी टाकून दिली. येथे बहुतेक कीर्तनकार थांबतात आणि मातेच्या वात्सल्याचे गुणगान करतात. परंतु ती थांबली नाही. छडी टाकली तरी अपराध सोडला नाही. तिने दोरी आणली. दोरी दोन बोटे अपुरी पडली, पुनः जोडली, पुनः अपुरी पडली. ती घामाघूम झाली, तरी तिने बांधावयाचे सोडले नाही, आणि तिचे श्रम पाहून अखेर तो बांधला गेला. ज्या उखळाला बांधले, तेही असे की बालकाला ते ओढीत रांगता यावे. पुढे अर्जुनवृक्ष उन्मळून पडले, गोकुळ धावून आले, आणि उखळ ओढीत येणाऱ्या पुत्राला पाहून नंदाने हसत हसत दोरी सोडली.