गिळलेली ओळ

आमच्या घरी रात्रीची जेवणे आटोपली की प्रार्थना होते. ख्रिस्ती माणसाची भक्ती म्हटली की रविवारचे देऊळ, पेटीचे सूर आणि इस्त्रीचे कपडे एवढेच पुष्कळांच्या डोळ्यांपुढे येते. (आम्ही नगरकडची मंडळी चर्चला देऊळच म्हणतो.) पण रविवारचा देव थोडासा पाहुण्यासारखा असतो, त्याच्यापुढे आपण सावरून बसतो. रोजचा देव घरातला. खरकटी भांडी तशीच पडलेली, धाकटी पेंगुळलेली, आणि अशा वेळी त्याच्याशी बोलायचे असते.

येशूने शिष्यांना शिकवलेली ही प्रार्थना मत्तयाच्या सहाव्या अध्यायात आहे. म्हणायला मिनिटभर पुरे. तीत रोजची भाकर मागितली आहे, तशी क्षमाही. मात्र क्षमा मागताना आपण आपल्याच तोंडाने एक अट घालून घेतो, की दुसऱ्याशी आमचे जसे वागणे, तसेच देवाने आमच्याशी वागावे. लूक तेथे पाप म्हणतो. मत्तयाचा शब्द मात्र ऋण असा आहे, आणि शेतकऱ्याच्या घरात तो जास्त बोचतो. प्रार्थना संपल्यावर येशू बाकीच्या मागण्यांविषयी अवाक्षर काढत नाही, या एकीचाच खुलासा करतो. मास्तरकी करणाऱ्याला यात नवल वाटत नाही. वर्गाला जे कळूनही कळवून घ्यायचे नसते, तेच दोनदा सांगावे लागते.

ही ओळ मी चार वर्षे गिळत होतो. थोरल्या भावाचे घर आमच्या भिंतीला लागून, विहीर दोघांत एक. एका उन्हाळ्यात पाण्याच्या पाळीवरून बिनसले. माझा कांदा वाळला आणि मी भर गल्लीत दादाला नको ते बोललो. तेव्हापासून ओळ जवळ आली की मला खोकला यायचा. एके रात्री आई म्हणाली, "गुरुजी झालास, आणि एवढा पाठ येत नाही? एक ओळ राहिली."

"दादाने कुठे माफी मागितली?" मी म्हणालो.

"ते मी विचारलंच नाही. ओळ राहिली, एवढंच म्हटलं."

माझा मुद्दा अगदीच पोकळ होता असे मला आजही वाटत नाही. क्षमेचा उपदेश पुष्कळदा मार खाणाऱ्यालाच केला जातो आणि मारणारा पुढच्या बाकावर बसून तो ऐकतो. गांजलेल्या सुनेला किंवा लुबाडलेल्या गड्याला "सोडून दे" म्हणणे ही भक्ती नव्हे. पण मी कोण गांजलेला होतो? माझे गेले ते थोडे कांदे. उरला होता तो मान, आणि तो मी देवापासूनही लपवून सांभाळत होतो. देवाचे खाते वेगळे आणि दादाचे वेगळे, अशी माझी सोयीची वही होती.

अशा वेळी मला लक्ष्मीबाई टिळक आठवतात. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधल्या वर्षांत, पतीकडे परतल्यावरही, त्या सोवळे-ओवळे सांभाळून होत्या. 'स्मृतिचित्रे' वाचताना मला जाणवते ते हे, की त्यांचा खरा झगडा धर्मग्रंथांशी नव्हताच. तो पाण्याच्या तांब्याशी होता. कोणाच्या हातचे प्यायचे, हा प्रश्न सुटला आणि मग बाकीचे सुटत गेले. माझाही प्रश्न पाण्याचाच होता, फक्त विहिरीतल्या.

आमच्याकडे दिवाळीत शेजाऱ्यांची फराळाची ताटे येतात. नाताळात आमच्या करंज्या त्यांच्याकडे जातात. गेल्या नाताळात बायकोने एक ताट जास्त भरले आणि कोणाचे ते सांगितले नाही. मी ते उचलले. दार वहिनीने उघडले.

"कोण आहे?" आतून दादाने विचारले.

"धाकटे भावजी आलेत."

बराच वेळ आतून काही आवाज आला नाही. मग खुर्ची सरकवल्याचा आला.