अनुवादकाचे मौन

प्राचीन प्रेमकवितेच्या अनुवादाची चर्चा बहुधा वृत्त, नाद आणि अलंकार यांच्याभोवती फिरते. मूळ कवितेतील व्यक्तीने जे जाणूनबुजून बोलायचे टाळले, ते बोलून टाकण्याचा अधिकार अनुवादकाला आहे काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वस्तुतः हा अनुवादाच्या नीतीचा गाभ्याचा प्रश्न आहे.

महाराष्ट्री प्राकृतातील हाल सातवाहनाची ‘गाथासप्तशती’ तो तीव्रतेने उभा करते. १८८१ मध्ये वेबरने तिची जर्मन आवृत्ती सिद्ध केली. १९५६ मध्ये स. आ. जोगळेकरांनी ती मराठीत आणली. १९९१ मध्ये अरविंद कृष्ण मेहरोत्रा यांनी निवडक गाथा इंग्रजीत नेल्या. या संग्रहातील एका प्रसिद्ध गाथेत घरातील सून मुक्कामाला आलेल्या पांथस्थाला सासूची आणि आपली निजण्याची जागा उजेडीच दाखवून ठेवते आणि त्या रातांधळ्याने रात्री चुकून आपल्या अंथरुणाशी येऊ नये, असे बजावते. सासूला ही ताकीद वाटते, पांथस्थाला आमंत्रण. निषेधातून विधी सूचित होतो, याचे उदाहरण म्हणून आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त ही गाथा दिली आहे.

अभिनवगुप्ताने तिच्यावर केलेले भाष्य अनुवादकाने जपून ठेवावे असे आहे. अंथरुणाचा निर्देश करणारा शब्द ‘माझ्या’ या अर्थाचा न घेता ‘आम्हा दोघींच्या’ या अर्थाचा घ्यावा, असे तो म्हणतो. कारण सुनेने केवळ स्वतःचा उल्लेख केला असता, तर सासूला शंका आली असती. काश्मिरातला हा तत्त्वज्ञ व्याकरणाच्या आडून एका सुनेचे गुपित राखतो आहे!

आता भाषांकडे पाहू. मराठीत ‘आमच्या’ आणि ‘आपल्या’ हा भेद आहे. ‘आमच्या अंथरुणावर’ म्हणताच पांथस्थ शब्दापुरता बाहेर राहतो आणि सूनही सुरक्षित राहते. इंग्रजीला ही सोय नाही. ‘रातांधळा’ हा शब्दही मराठीत जवळजवळ जसाच्या तसा उतरतो. गाथेतील ‘अत्ता’ म्हणजे सासू. मराठी घरात सासूला ‘आत्याबाई’ म्हणणाऱ्या सुनांमुळे त्या हाकेतले नाते आणि धाक आपल्याला समजावून द्यावे लागत नाहीत. परंतु ही जवळीक फसवीही आहे. प्राकृतातील एकवचनी संबोधनाने काही उघड होत नाही. मराठीत मात्र ‘तू’ की ‘तुम्ही’ हे ठरवावेच लागते. सासूदेखत परपुरुषाला ‘तू’ म्हणणारी सून त्या एका अक्षराने पकडली जाईल. येथे इंग्रजीचे सर्वनाम तिला अनायासे झाकते. प्रत्येक भाषा वेगळ्या ठिकाणी चहाडी करते, असेच म्हणावे लागते.

लॅटिन कवी कातुल्लसही चुंबनांची मोजदाद मुद्दाम विसकटून टाकतो. कोणा मत्सरी माणसाला नेमका आकडा कळू नये, हा हेतू. ‘दृष्ट’ हा शब्द जिच्या नित्य वापरात आहे त्या मराठीला ही भीती चटकन उमगते. इंग्रजी अनुवादकाला ती वाचकात आधी निर्माण करावी लागते.

यावर आक्षेप येईल, की ही सून कविकल्पित आहे; जी नाहीच तिच्याशी इमान कसले? व्यक्ती कल्पित असली, तरी पहाऱ्यात राहून बोलण्याची तिची स्थिती कल्पित नाही. अशा स्थितीत माणसाला उरणारे स्वातंत्र्य शब्दांच्या निवडीतच असते. आधुनिक वाचकाला सुलभ व्हावे म्हणून तिचा होकार ओळीतच उघडा करणारा अनुवादक तिला धीट केल्याचे समाधान मानतो. प्रत्यक्षात तो तिची चतुराई हिरावून घेतो आणि तिला सासूच्या स्वाधीन करतो.

संकेत अपरिचित असतील, तर टीप द्यावी. परंतु ती कवितेच्या बाहेर असावी. कवितेच्या आत वाचकाला पांथस्थाइतकीच संधी मिळावी: समजण्याची, आणि न समजण्याचीही.